आवाज वाढवण्याआधी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी या वेळी छान पायंडा पाडला आहे. नुसत्या आठवणी नकोत, प्रत्येकाने आपल्या धंद्या-व्यवसायातलं, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी सांगायचं. सकाळी आपल्या डॉक्टर मित्राने गुडघ्यांवर सांगितलं, मग बँकेतल्या मैत्रिणीने मृत्युपत्रावर सांगितलं. आता माझी पाळी. माझा विषय स्पीकर. म्हणजे भाषण करणारा नव्हे, घरातल्या खोक्यात बसून गाणं ऐकवणारा. पण गुडघे काय, मालमत्ता काय आणि स्पीकर काय, मुद्दा एकच आहे: वस्तूला झेपतं किती, हे वेळीच ओळखायचं.

तीसेक वर्षं मी स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो आहे. दुकानात येणारा माणूस स्पीकर टेबलावर ठेवतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." स्पीकर आपोआप बंद पडत नाही. बहुतेक वेळा त्याला कोणीतरी मारलेलं असतं, तेही प्रेमाने, आवडतं गाणं लावून. ते कसं घडतं आणि कसं टाळायचं, एवढंच आज सांगतो. आपल्या वयाच्या बहुतेक घरांत एखादा जुना चांगला संच असतो. वडिलांनी घेतलेला, किंवा पहिल्या पगारातून हप्त्याने आणलेला. तशी वस्तू आता पुन्हा मिळणं अवघड, म्हणून हे सांगायचं.

आधी स्पीकर चालतो कसा ते पाहू. घाबरू नका, हे आपल्याला दहावीत शिकवलेलं आहे. विज्ञानाच्या बाईंनी सगळ्या वर्गाला डावा हात वर करायला लावून तीन बोटं एकमेकांना काटकोनात धरायला लावली होती, आठवतं? फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम. चुंबकीय क्षेत्रात तार ठेवली आणि तिच्यातून वीज सोडली की तारेवर बल येतं. स्पीकर म्हणजे हाच नियम. मागे गोल चुंबक, त्याच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, तिला आम्ही कॉइल म्हणतो, आणि कॉइलला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा कोन. वीज पुढे-मागे वाहते, कॉइल पुढे-मागे हलते, कोन हवा ढकलतो आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग यांनी या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. त्याला शंभर वर्षं झाली, पण तुमच्या दिवाणखान्यातला स्पीकर अजून मुळात तसाच आहे.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली म्हणजे कॉइल आणि चुंबक यांच्यातली फट एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. दुसरी गोष्ट ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. घरगुती स्पीकरला दिलेल्या विजेपैकी एक टक्कासुद्धा आवाजात बदलत नाही. बाकीची नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त वीज उष्णता होते, आणि ती सगळी त्या चिमुकल्या कॉइलमध्ये होते. माझ्या टेबलावर जोडकामाचा सोल्डरिंग आयर्न असतो तो २५ वॉटचा. त्याच्या टोकाला कथील वितळतं. आता विचार करा, तुम्ही स्पीकरला सतत ५० वॉट देत असाल, तर काही ग्रॅम वजनाच्या कॉइलमध्ये असे दोन सोल्डरिंग आयर्न पेटलेले आहेत. तरी ती वाचते, कारण गाणं सतत जोरात नसतं. मध्ये श्वास असतो, ठेक्यांमध्ये जागा असते, तेवढ्यात कॉइल थोडी निवते. ही मोकळी जागा नाहीशी झाली की कॉइल मरते.

स्पीकर मरायचे प्रकार मुख्यतः दोन. एक जळून, दुसरा आपटून.

आधी जळण्याचं पाहू. कॉइलच्या तारेवर वार्निशचा थर असतो आणि ती गोंदाने नळीवर चिकटवलेली असते. तापमान फार वाढलं की गोंद सुटतो, वार्निश जळतं, वेढे एकमेकांना चिकटतात किंवा तार तुटते. पण त्याआधी कॉइल आपल्याला एक इशारा देते. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. तापमान १०० अंशांनी वाढलं तर रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. रोध वाढला म्हणजे वीज कमी वाहणार, वीज कमी म्हणजे आवाज कमी. म्हणून समारंभात सुरुवातीला दणदणीत वाजणारा संच अर्ध्या तासाने थोडा बसल्यासारखा वाटतो. आपण काय करतो? उठून बटण आणखी फिरवतो. तापलेल्या तव्याखाली जाळ वाढवल्यासारखं ते होतं. आवाज बसला की बटण वाढवायचं नाही, कमी करायचं. दहा मिनिटं विश्रांती द्यायची. गवयालासुद्धा पाणी प्यायला वेळ देतोच ना आपण!

दुसरा प्रकार आपटण्याचा. कोन पुढे-मागे किती हलू शकतो याला मर्यादा असते. खालचे सूर, म्हणजे बास, वाजवायला कोनाला जास्त हलावं लागतं. ८० हर्ट्झचा सूर आणि ४० हर्ट्झचा सूर सारख्याच जोरात वाजवायचे असतील तर ४० हर्ट्झला कोनाची हालचाल चौपट लागते. मग बासचं बटण पूर्ण फिरवून आवाजही चढवला की कॉइल मागच्या लोखंडावर आपटते. "टक्, टक्" असा कोरडा आवाज येतो. तो ढोलकीचा भाग नाही, मंडळी, तो स्पीकरचा मार आहे. काही वेळा असं आपटल्यावर कॉइलची नळी चेपते, मग ती त्या बारीक फटीत घासायला लागते आणि आवाज खरखरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. दुकानात येणाऱ्या जळालेल्या स्पीकरांमध्ये लहान ट्वीटर सर्वांत जास्त असतात. ट्वीटर म्हणजे झांज, घुंगरू, बासरीची फुंक, "स"-"श" असे बारीक आवाज देणारा छोटा स्पीकर. त्याची कॉइल साधारण इंचभर व्यासाची आणि तार केसासारखी बारीक. त्याला सतत मोजकेच वॉट झेपतात. मग डब्यावर १०० वॉट लिहितात ते कसं? तर संगीतात बारीक सुरांची शक्ती एकूण शक्तीच्या मानाने थोडी असते, या हिशेबाने. १०० वॉट हा सगळ्या कुटुंबाचा पगार आहे, धाकट्याच्या हातात त्यातला थोडाच पडायचा असतो.

हा हिशेब मोडतो कुठे? अ‍ॅम्प्लिफायर दमला की. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरला एक छत असतं. त्याहून उंच लाट त्याला काढता येत नाही. आपण बटण वाढवत गेलो की लाटेचं टोक छताला लागून सपाट होतं. सह्याद्रीचा सुळका छाटून त्याचं कासचं पठार करावं तसं. याला क्लिपिंग म्हणतात. यात दोन गोष्टी होतात. एक म्हणजे, छाटलेल्या लाटेत मुळात नसलेले बारीक, कर्कश सूर तयार होतात, आणि ते सगळे ट्वीटरकडे जातात. दुसरी म्हणजे, ढोलकीचा ठोका छताला टेकलेला असतो, तो आणखी वाढू शकत नाही, पण बारीक सुरांना अजून वर जागा असते. ते बटणाबरोबर वाढतच राहतात. म्हणजे घरातला मोठा थांबला आणि धाकट्याच्या डोक्यावर ओझं चढत गेलं. शिवाय मघाशी सांगितलेली श्वासाची जागा बुजून जाते. लाट पूर्ण छाटली गेली तर ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर १०० वॉटपर्यंत शक्ती बाहेर टाकू शकतो.

म्हणून एक उलटं वाटणारं सत्य सांगतो. मोठ्या स्पीकरला लहान अ‍ॅम्प्लिफायर जोडला म्हणजे तो सुरक्षित, असं नाही. दमलेला ३० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर १०० वॉटच्या खोक्यातला ट्वीटर सहज जाळतो. १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर समजूतदारपणे, शांत वापरला तर तोच स्पीकर वर्षानुवर्षं वाजतो. धोका वॉटच्या आकड्यापेक्षा दमण्यात जास्त आहे.

आणि वॉटचे आकडे तरी कुठले धरायचे? आपल्या तरुणपणी टू-इन-वनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात "१००० वॉट पी.एम.पी.ओ." असं छापलेलं असायचं. आत उघडून पाहिलं तर ट्रान्सफॉर्मर आंब्याच्या कोयीएवढा! त्या आकड्याला ठरलेलं मोजमापच नव्हतं. आर.एम.एस. लिहिलेला असेल तो आकडा धरा, दुसरा विसरा.

आता एक छोटं गणित करू. गणिताचे सर बसलेले आहेत, चुकलो तर कान धरतीलच. घरगुती स्पीकरची संवेदनशीलता साधारण ८७ डेसिबल असते. म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज. आपण बसतो तीनेक मीटरवर. अंतरामुळे थोडा कमी होतो, दोन स्पीकर असल्यामुळे थोडा वाढतो, तर खुर्चीवर साधारण ८३-८४ डेसिबल मिळतो. हा चांगला मोठा आवाज आहे, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला आपलाही आवाज चढवावा लागतो. म्हणजे मोठ्याने ऐकायला सरासरी लागतो एक वॉट! रोज आपण ७०-७५ डेसिबलला ऐकतो, त्याला वॉटचा दहावा भाग पुरतो.

मग गोष्ट बिघडते कुठे? डेसिबलचा हिशेब व्याजासारखा आहे. ३ डेसिबल वाढवायला शक्ती दुप्पट लागते. आणि कानाला "आवाज दुप्पट झाला" असं वाटायला सुमारे १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे शक्ती दहापट! १ वॉटचे १० वॉट. आणखी एकदा दुप्पट वाटायला हवा तर १०० वॉट. त्यात ही झाली सरासरी. गाण्यातला एखादा ठोका सरासरीच्या पंधरा-वीस पट शक्ती क्षणभर मागतो. म्हणजे खुर्चीवर ९० डेसिबल ऐकायचं तर सरासरी ४ वॉट, पण ठोक्याला ६० ते ८० वॉट. तुमच्याकडे अ‍ॅम्प्लिफायर आहे ३० वॉटचा. तो तिथे छताला लागलेला आहे, आणि तुम्ही म्हणता, "अजून अर्धं बटण शिल्लक आहे."

बटणाचा गैरसमज तर घरोघर आहे. बटण म्हणजे गाडीचा वेगमापक नव्हे. ते नळाच्या चावीसारखं आहे. टाकीत दाब जास्त असेल तर अर्ध्या चावीतच बादली भरते. सीडी प्लेअर किंवा फोन जोरात संकेत देत असेल, तर बटण घड्याळातल्या बारा-एकच्या जागी आलं तेव्हाच अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण शक्तीला पोहोचलेला असू शकतो. त्यापुढचा भाग हळू रेकॉर्डिंगसाठी असतो. तेव्हा खूण बटणावर शोधू नका, कानाने शोधा. गायिकेचा "स" फाटल्यासारखा वाटला, झांज पत्र्यासारखी वाजली, सगळे सूर एकमेकांत कालवल्यासारखे झाले, किंवा ऐकून दमायला झालं, की अ‍ॅम्प्लिफायर दमला. लगेच खाली या. जळका, वार्निशसारखा वास आला तर ताबडतोब बंद.

आता बास-ट्रेबलची बटणं. एखादं बटण १० डेसिबलने वाढवलं की त्या सुरांना दहापट शक्ती लागते. हे एकदा समजलं की हात आपोआप आखडतो. "लाउडनेस" नावाचं बटण असतं, ते हळू आवाजात ऐकण्यासाठी आहे. आवाज लहान असला की माणसाच्या कानाला बास कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं. ती तूट भरायला हे बटण. रात्री हळू ऐकताना खुशाल दाबा. आवाज मोठा करणार असाल तर आधी ते बंद करा. आणि जुनी गाणी ऐकणाऱ्यांना खास विनंती: पन्नास-साठच्या दशकातल्या रेकॉर्डिंगमध्ये अगदी खालचा बास मुळातच फारसा नाही. बटण कितीही फिरवलं तरी नसलेला बास येत नाही. येते ती टर्नटेबलची घरघर. त्या घरघरीने वूफरचा कोन मुकाट्याने लपलप हलत असतो, आणि तुम्हाला काहीच ऐकू येत नसतं. रेकॉर्ड लावल्यावर एकदा जाळी काढून कोनाकडे बघा.

काही साध्या सवयी सांगतो, लिहून घेतल्या तरी चालतील.

सुरू करताना आधी सीडी प्लेअर, टर्नटेबल किंवा फोन, आणि सर्वांत शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना उलट, आधी अ‍ॅम्प्लिफायर. म्हणजे चालू-बंद करतानाचा "धप्प" आवाज स्पीकरला बसत नाही.

कुठलीही पिन काढताना-घालताना आवाज शून्यावर. फोनची पिन अर्धवट शिरली की जो "भों" होतो, तो चढलेल्या आवाजात ट्वीटर-वूफर दोघांनाही घातक.

गाणं चालू असताना वीज गेली तर आधी उठून अ‍ॅम्प्लिफायरचा स्विच बंद करा आणि बटण खाली आणा. वीज परत येते तेव्हा झटक्याने येते, आणि आपण तोवर गॅलरीत गप्पा मारत असतो.

एका अ‍ॅम्प्लिफायरला जास्तीचे स्पीकर जोडताना ओहमचा नियम आठवा. ८ ओहमच्या दोन जोड्या समांतर जोडल्या की ४ ओहम झाले, वीज दुप्पट वाहणार. अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमसाठी बनवलेला नसेल तर तो तापेल, आणि त्याचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर त्याच्या आतला थेट डी.सी. दाब स्पीकरवर येतो. ३० व्होल्ट, कॉइलचा रोध ६ ओहम. भागाकार करा, ५ अँपिअर. गुणाकार करा, १५० वॉट, तेही न थांबता. काही सेकंदांत धूर.

अ‍ॅम्प्लिफायरला हवा लागू द्या. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर गणपती, ही रचना दिसायला सुंदर असते, पण आतली उष्णता बाहेर जात नाही.

आणि एक कळकळीची विनंती. घरचे स्पीकर हळदीला, गच्चीवरच्या वाढदिवसाला, सोसायटीच्या गणपतीला नेऊ नका. घरात भिंती आवाज परत देतात. उघड्यावर कोणी परत देत नाही, अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. घरचे स्पीकर दहा माणसांच्या खोलीसाठी केलेले असतात. साउंडवाल्याचे मोठे स्पीकर तेवढ्याच शक्तीत १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज देतात, म्हणजे दहापट काम कमी कष्टात. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला येणाऱ्या स्पीकरांवर मी हळदीचे डागसुद्धा पाहिलेले आहेत. साउंडवाल्याचं भाडं ट्वीटर-वूफरच्या बिलापेक्षा परवडतं. आणि जे काय वाजवाल ते रात्री दहाच्या आत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

आता जुन्या संचांबद्दल. कोनाच्या कडेला जी लवचिक पट्टी असते ती बऱ्याच जुन्या स्पीकरांत फोमची आहे. फोमला दमट हवा सोसत नाही. मुंबई, कोकण, गोव्यात तर पंधरा-वीस वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो. अशी पट्टी फाटलेला स्पीकर जोरात वाजवला तर कोन तिरका चालतो आणि कॉइल घासून मरते. पट्टी वेळीच बदलली तर थोडक्यात भागतं, कॉइलही नवी लागली तर खर्च कितीतरी वाढतो. घरी गेल्यावर जाळी काढा, बोटाने पट्टीला हलकेच स्पर्श करा. काळा भुगा बोटाला लागला तर समजा. दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून अगदी हळू, सारख्या दाबाने आत ढकला. खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे. मल्टिमीटर असेल तर ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. मात्र खोक्याच्या मागच्या टर्मिनलवर मीटर लावला तर ट्वीटर कळत नाही, कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो. त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक ट्वीटरसमोर, दुसरं कानाला, आणि आवाज अगदी लहान. ट्वीटर मेला असेल तर सुरळीतून काहीच येणार नाही. कित्येकांच्या घरी एका बाजूचा ट्वीटर कधीच गेलेला असतो आणि घरात कुणाला पत्ताही नसतो.

पत्ता का नसतो, हे सांगतो, आणि माझ्या भाषणातला खरा मुद्दा हाच आहे.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे यायचे. शास्त्रीय संगीताचा चांगला कान, घरात रेकॉर्डचा मोठा संग्रह. दीड-दोन वर्षांत त्यांचे ट्वीटर तीनदा जळाले. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, काका, मी घरी येऊन बसवतो, जोडणी तपासतो. गेलो. जोडणी अगदी व्यवस्थित. त्यांनी रोजच्यासारखं लावून दाखवलं. ट्रेबलचं बटण पूर्ण उजवीकडे, आवाज इतका की माझ्या कानात सुई टोचल्यासारखं झालं. स्वयंपाकघराचं दार घरच्यांनी लावून घेतलेलं. आणि काका मला म्हणाले, "बघा, अजून स्पष्ट येत नाही. पूर्वीसारखा तानपुरा ऐकूच येत नाही."

स्पीकर ठणठणीत होता, मंडळी. त्यांचा कान थकला होता. वय वाढलं की कानाची बारीक, वरच्या सुरांची ताकद आधी जाते. "स", "श", "त", "क" ही व्यंजनं त्याच वरच्या भागात असतात. म्हणून माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत." मग तो आवाज वाढवतो, ट्रेबल वाढवतो. ट्वीटर जळतो, घरात कुरबुरी होतात, आणि उरलेल्या कानावर आणखी मारा होतो. मी त्यांच्या मुलीला बाजूला बोलावून हळूच सांगितलं, या वेळी ट्वीटरचे पैसे देऊ नका, आधी काकांच्या कानांची तपासणी करून घ्या. तिला राग येईल असं वाटलं होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आम्हाला वाटायचं, बाबा मुद्दाम आमचं ऐकत नाहीत."

तपासणी झाली, श्रवणयंत्र आलं. सवय व्हायला त्यांना काही महिने लागले. पुढे ते दुकानात आले ते एक पिन घ्यायला. ट्वीटर पुन्हा जळला नाही. जाताना म्हणाले, "आता बटण नऊवर असतं. आणि दार उघडं असतं."

म्हणून सांगतो, आपल्या वयाच्या माणसाला घरातला आवाज वाढवावासा वाटला तर क्षणभर थांबून स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, मध्ये काही गोंगाट आहे का? पंखा, मिक्सर, रस्ता. पंखा एक घर कमी करा, खिडकी लावा, खुर्ची दोन फूट पुढे घ्या, ट्वीटर कानाच्या उंचीला आणा. यात एक वॉटसुद्धा खर्च होत नाही. दुसरा, मागच्या वर्षी याच गाण्याला, याच खोलीत, याच बटणाने पुरत होतं का? पुरत असेल आणि आता पुरत नसेल, तर दुरुस्तीवाल्याकडे येण्याआधी कानाच्या डॉक्टरकडे जा. ऑडिओमेट्री म्हणून तपासणी असते. त्यात दुखत नाही, सुई नाही. एका बंद खोलीत बसून सूर ऐकायचे, एवढंच. चष्मा लागला तेव्हा आपण कुणी लाजलो नाही. कानाचीच लाज का वाटावी?

ज्यांचे कान अजून चांगले आहेत त्यांच्यासाठीही एक मोजपट्टी देतो. अमेरिकेतल्या नायोश या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला फक्त पाव तास. गंमत बघा, स्पीकरचा हिशेबही ३ डेसिबलला दुप्पट आणि कानाचाही तोच. जो आवाज ट्वीटरला सोसत नाही तो कानालाही सोसत नाही. फरक इतकाच की ट्वीटर मी बदलून देतो. आतल्या कानातल्या ज्या नाजूक केसपेशी एकदा गेल्या, त्या माणसाला पुन्हा येत नाहीत, आणि तो सुटा भाग माझ्या दुकानात, किंवा दुसऱ्या कुणाच्याही, मिळत नाही.

मी आवाज कमी करा, गाणं बंद करा असं सांगायला उभा नाही. उलट, आता आपल्यापैकी बहुतेकांना वेळ मिळाला आहे. मुलं मार्गी लागली, कचेरीची घाई संपली. कपाटातल्या कॅसेटी, रेकॉर्डी, सीडी काढा. आवडतं गाणं आवडत्या माणसाबरोबर जरा मोठ्यानेही ऐका. एखादं गाणं चढवून ऐकलं म्हणून स्पीकर मरत नाही. मरतो तो तासन्‌तास दमवल्याने, आणि त्याची कुरकुर न ऐकल्याने. तो फाटक्या "स"ने, बसलेल्या आवाजाने, टक्-टक् करून सांगत असतो. घरातली माणसंही सांगत असतात.

संयोजकांनी घड्याळ दाखवलं आहे, तेव्हा थांबतो. जेवणाच्या सुट्टीत मागच्या बाकाजवळ मी मल्टिमीटर घेऊन बसणार आहे. ज्यांनी गाडीत स्पीकर आणले आहेत, त्यांनी रांग लावावी. पैसे नाहीत, पण रांग मोडणाऱ्याला सर बाकावर उभं करतील.